ब्लॅक लेपर्ड नावाचा पळपुटेपणा

सुपरहिरोंच्या गोष्टी म्हणजे दबलेल्यांची रूपके, असा विषय निघाला की उदाहरण ठरलेले असते: एक्स-मेन. १९६३ साली मार्व्हल कॉमिक्ससाठी स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही टोळी काढली. जन्मतःच वेगळी, जगाने धिक्कारलेली पोरे. त्यांच्यात कुणी काळ्यांचा लढा वाचला, कुणी ज्यूंचा, पुढे समलिंगींनी स्वतःला पाहिले. वाचावेच. पण त्या पहिल्या पाचांत एकही काळा नव्हता. रूपकाची सोय अशी की कुणाचे नाव न घेता सगळ्यांची सहानुभूती मिळते. (आणि गरज पडली की अंगही काढून घेता येते. आयात केलेल्या एक्स-मेन बाहुल्या ही माणसे नव्हेत, म्हणून १२ ऐवजी ६.८ टक्केच जकात लावा, असा दावा मार्व्हलच्याच खेळणी कंपनीने केला आणि २००३ मध्ये तो जिंकला!)

मला मात्र वर्षानुवर्षे छळत आला आहे तो दुसराच प्रश्न. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मार्व्हलच्या मंडळींनी काय केले?

ब्लॅक पँथर पहिल्यांदा दिसला मार्व्हलच्याच 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२व्या अंकात, जुलै १९६६ मध्ये. आफ्रिकेतल्या वाकांडाचा राजा टी'चाला, तंत्रज्ञानात गोऱ्यांच्या पुढे. मूळ मुखपृष्ठावर त्याचा अर्धा चेहरा उघडा होता. छापताना तो पूर्ण झाकला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. नाव कॉमिकवरून घेतले नव्हते. ते आले अलाबामातल्या लाउंड्स परगण्यातून. तिथे ऐंशी टक्के वस्ती काळ्यांची, आणि १९६५ उजाडले तेव्हा मतदारयादीत एकही काळा नाही. तिथल्या नव्या पक्षाचे निवडणूकचिन्ह काळा पँथर होते.

बंदूकधारी पँथर बातम्यांत झळकू लागले आणि मार्व्हलला घाम फुटला. फेब्रुवारी १९७२ ची तारीख छापलेला 'फँटॅस्टिक फोर'चा ११९वा अंक पाहा. लेखक रॉय थॉमस. कथा घडते रुडयार्डा नावाच्या वर्णद्वेषी देशात. म्हणजे दक्षिण आफ्रिका, वर रुडयार्ड किपलिंगला चिमटा. टी'चालाला तिथे तुरुंगात डांबतात. विषय एवढा धीट, आणि त्याच अंकात नायक मित्रांना सांगतो की यापुढे मी ब्लॅक लेपर्ड, कारण तुमच्या देशात पँथर या नावाला राजकीय वास येतो. दूरच्या वर्णभेदावर तुटून पडायचे आणि घरच्या चळवळीचे नाव टाळायचे! त्याच वर्षी २९ मे रोजी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी अमेरिकेतल्या पक्षाकडे पाहून तेच नाव मिरवत घेतले: दलित पँथर. वर्ष सरायच्या आत मार्व्हलनेही लेपर्ड गुंडाळला.

पुढचे प्रकरण डॉन मॅकग्रेगरचे. मार्व्हलमध्ये मुद्रितशोधन करणारा हा गोरा पोरगा. 'जंगल ॲक्शन' या द्वैमासिकात आफ्रिकेच्या अरण्यावर राज्य करणाऱ्या गोऱ्या नायक-नायिकांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात होत्या, आणि त्या वाचताना त्याला लाज वाटे. १९७३ मध्ये तेच द्वैमासिक त्याच्या हाती आले. त्याने वाकांडात घडणारी दीर्घकथा रचली, जवळजवळ सगळी पात्रे काळी. लवकरच चित्रे काढू लागला बिली ग्रॅहम, मार्व्हलमधल्या तेव्हाच्या मोजक्या काळ्या चित्रकारांपैकी एक. आधी वॉरन प्रकाशनाचा कलासंपादक, मग मार्व्हलच्या ल्यूक केज या नायकाच्या अंकांवर काम केलेला. पानाच्या चौकटी मोडून आकृत्या फिरवण्याची त्याची हातोटी पाहिली की या माणसाचे नाव चाहत्यांनाही नीट ठाऊक नसावे याचा राग येतो.

कथेत गोरी माणसे का नाहीत, असे वरून सारखे विचारले जाई. मॅकग्रेगरने शेवटी आणली: कू क्लक्स क्लॅनची. जानेवारी १९७६ च्या १९व्या अंकापासून टी'चाला जॉर्जियात येतो, प्रेयसी मोनिका लिनच्या बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला. इथे कल्पित रुडयार्डा नाही, परग्रहावरचा खलनायक नाही. २१व्या अंकात क्लॅनवाले त्याला जळत्या क्रुसावर बांधतात. २२व्यात मोनिकाची आई क्लॅनने मारलेल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगते. ऐकता ऐकता मोनिका मनात तिचा शेवट बदलते, पँथरला त्या काळात नेऊन त्याच्याकडून न्याय घडवते. सुपरहिरो माणसाला कशासाठी लागतो, याचे इतके उघडेवाघडे उत्तर मी दुसऱ्या कुठल्या कॉमिकात पाहिलेले नाही. आणि ते दिले एका दुय्यम द्वैमासिकाने.

नोव्हेंबर १९७६ च्या २४व्या अंकानंतर 'जंगल ॲक्शन' बंद झाले. कारण खपाचे. खप कमी असेलही. पण कथेच्या मधोमध, खुनी सापडायच्या आत? दोनच महिन्यांनी कर्बीचा नवा 'ब्लॅक पँथर' आला. त्यात जॉर्जिया नाही, क्लॅन नाही. पँथर एका कालयंत्राच्या मागे धावत होता.

अर्धवट राहिलेली कथा १९७९-८० मध्ये 'मार्व्हल प्रीमियर'च्या तीन अंकांत दुसऱ्याच लेखकाने आणि चित्रकाराने उरकली. मॅकग्रेगरला ती स्वतः संपवू दिली गेली नाही. ग्रॅहम १९९७ मध्ये गेला. २०१८ च्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरांहून जास्त कमावले तेव्हा तो नव्हता. त्यातला खलनायक किलमाँगर मॅकग्रेगरच्या याच द्वैमासिकातून उचललेला आहे. ते अंक आता पुस्तकरूपात मिळतात. चित्रपट पाहिला असेल, तर २२वा अंक जरूर वाचा.