कागदाला सोसेल एवढीच इस्त्री

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटातल्या दोघींनी कर्ज काढून लेझर प्रिंटर घेतलाय. अर्ज, बायोडाटा, हळदीकुंकवाची निमंत्रणं अशी कामं येतात. हप्ता दर महिन्याला भरायचाच असतो, त्यामुळे मशीन बंद पडून चालत नाही. आणि चुकीच्या कागदानेच ते पुष्कळदा अडतं.

या प्रिंटरात ओली शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकमिश्रित बारीक भुकटी. ती कागदावर बसते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. म्हणजे कागदाला कडक इस्त्रीच की! रेशमी साडीवर आपण अशी इस्त्री फिरवू का?

इंकजेटसाठीच्या चकचकीत फोटो पेपरवरचा थर या उष्णतेने वितळून रोलरला चिकटू शकतो. एक ताई तोच कागद घेऊन आल्या, "पैसे देते, काढून दे गं," म्हणून हटूनच बसल्या. आमच्या पोरीने नाही म्हटलं, ते बरंच केलं. रोलर बदलायचा तर कितीतरी दिवसांची कमाई त्यातच जाते.

रोजच्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा गुळगुळीत ए-फोर कागद पुरतो. फार पातळ कागद आत अडकतो. हातकागद मला स्वतःला फार आवडतो, पण खडबडीत असल्याने त्यावर टोनर नीट धरत नाही, शिवाय तंतू आत सांडतात. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका. सादळलेला कागद वळतो आणि अडकतो.

पाकिटांचं काम जास्त नाजूक. ए-फोर कागदाच्या तीन घड्या केल्या की ११० बाय २२० मिलिमीटरच्या पाकिटात तो बरोबर बसतो. घेताना पत्त्याची प्लॅस्टिकची खिडकी, चिकटपट्टी, धातूची क्लिप यातलं काही नाही ना, ते बघा. साधा गोंदही उष्णतेने चिकटून पाकीट बंद होऊ शकतं, म्हणून लेझरला चालणारीच मागा. शंभर घेण्याआधी दोन आणून छापून पाहावीत. छापताना हाताने एकेक सरकवा, सेटिंगमध्ये 'एन्व्हलप' निवडा आणि मशीनला मागचं झाकण असेल तर ते उघडा, म्हणजे सुरकुत्या कमी पडतात.

चमकी लावलेली, रुपयाचं नाणं चिकटवलेली आहेराची पाकिटं मात्र मशीनमध्ये घालूच नका. त्यावरची नावं आमच्या गटातल्या एक आजी लिहून देतात. अक्षर मोत्यासारखं, आणि पाकिटामागे घेतात फक्त एक रुपया.