विश्लेषण : वीज परत आली, पण जुना सर्व्हर उठलाच नाही… आता काय?

महावितरणचे देखभालीचे काम संपते, वीज परत येते, पंखे-दिवे-प्रिंटर सुरू होतात. पतसंस्थेच्या किंवा सीएच्या कार्यालयातला कोपऱ्यातला सर्व्हर मात्र काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ दाखवून थांबतो. बाहेर खातेदारांची रांग असते. आठ-दहा वर्षे बिनतक्रार चाललेले यंत्र आजच का रुसले? आणि आतली माहिती वाचवायची तर या घटकेला काय करावे?

वीज गेल्यावरच का बिघडते?

बहुतेक वेळा बिघाड त्या दिवशी झालेला नसतो, तो त्या दिवशी उघडकीस येतो. अखंड चालू असलेल्या सर्व्हरमधले थकलेले भाग कसेबसे काम रेटत असतात. यंत्र सुरू होताना सगळ्या डिस्क एकदम वेग घेतात, तेव्हा विजेची मागणी वाढते. पॉवर सप्लायमधले म्हातारे कपॅसिटर तिथेच मान टाकतात.

दुसरा गुन्हेगार नाण्याएवढा आहे. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’ सेल असतो. घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज तो जपतो, पण केवळ बाहेरची वीज नसताना. प्लगमध्ये वीज आहे तोवर सेल मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. वीज गेली की तारीख थेट काही वर्षे मागे जाते आणि डिस्क कंट्रोलरची सेटिंग मूळपदावर येते. विंडोज वेगळ्या सेटिंगवर बसवलेले असेल तर तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. ‘हार्डडिस्क गेली’ असे निदान करून अनेक जण इथेच फॉरमॅटच्या वाटेला लागतात. खरा उपाय शंभर रुपयांच्या आतला सेल आणि एक सेटिंग एवढाच असू शकतो.

नेमका कुठे अडकला?

दिवा नाही, पंखा नाही, तर आधी प्लग, यूपीएस आणि वायर तपासा. दोन पॉवर सप्लाय असतील तर एकेकावर चालवून पाहा. पंखे फिरतात पण पडदा कोराच, तर संशय रॅमवर. बीपचे आवाज मोजून लिहून ठेवा; त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. वायर काढून रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या, तरी काही वेळा काम होते. मात्र घाई नको. भरपूर रॅम असलेला सर्व्हर तपासणीलाच काही मिनिटे घेतो आणि तेवढ्यात कोणी तरी वैतागून बटण दाबतो.

कंपनीचे नाव दिसले आणि मग ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश आला, तर प्रश्न डिस्कचा. त्याआधी मागे विसरलेला पेनड्राइव्ह आहे का, ते पाहा. हसू येईल, पण सर्व्हर त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघत असतो.

सर्वात महागडी चूक कोणती?

सर्व्हरमध्ये अनेक डिस्क ‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या असतात. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालते, दुसरी गेली की संपले. पहिली कित्येकदा काही महिन्यांपूर्वीच गेलेली असते. तिचा नारिंगी दिवा धुळीमागे लुकलुकत असतो. अशा वेळी कंट्रोलर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचे सांगू शकतो. म्हणजे डिस्कवर रचनेची नोंद आहे, पण कंट्रोलर ती आपली मानत नाही. इथे ‘क्लिअर’ किंवा ‘इनिशियलाइज’ निवडणे म्हणजे स्वतःच्या हाताने वही फाडणे. आधी मोबाइलवर पडद्याचे फोटो घ्या आणि कोणती डिस्क कुठल्या खाचेतली, ते मार्करने लिहा. डिस्क टकटक वाजत असेल तर यंत्र लगेच बंद करा. दुरुस्तीचे कोणतेही टूल मूळ डिस्कवर चालवू नका. आधी दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आधी शाबूत भाग उचलते, खराब भागाकडे नंतर वळते.

एसएसडी असेल तर निर्धास्त?

नाही. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत इशारा दिला होता. फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडणार होत्या. त्यानंतर ना डिस्क परत मिळणार होती, ना माहिती. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार, म्हणजे रेडचाही आधार नाही. इलाज एकच होता, तो तास येण्याआधी फर्मवेअर बदलणे.

सुरू झालाच तर?

बंद करू नका. पुन्हा उठेल याची हमी नाही. आधी सगळी माहिती बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, ते पाहा. मग उजव्या कोपऱ्यातली तारीख तपासा. सेल मेलेला असेल तर आजच्या पावत्या कुठल्या तरी जुन्या वर्षात नोंदल्या जातील आणि त्या शोधून दुरुस्त करणे सर्व्हरच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळखाऊ ठरेल.