रोलबॅकनंतरची गर्दी

टॉवर शाबूत, केबल शाबूत, वीज चालू, तरीही कोट्यवधी फोन मुके. २०१२पासून मोबाइल कंपन्यांवर आलेल्या मोठ्या आपत्तींपैकी काहींचं रूप असंच होतं. अडचण होती ती नेटवर्कच्या नोंदवहीत, किंवा त्या नोंदवहीपुढे लागलेल्या रांगेत.

ही नोंदवही म्हणजे ग्राहकांचा डेटाबेस. टूजीच्या काळात त्याला एचएलआर म्हणत, फोरजीत एचएसएस म्हणू लागले. हा नंबर आपला आहे का, त्याला कोणत्या सेवा आहेत आणि तो आत्ता कुठल्या भागात फिरतो आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. खिशातला फोन ठरावीक अंतराने आपला ठावठिकाणा गुपचूप कळवत राहतो. नोंद झाली नाही, तर त्या फोनवर आलेला कॉल कुठे पाठवायचा हे नेटवर्कला कळतच नाही.

आधी ही माहिती अनेक स्वतंत्र यंत्रांत विभागलेली असे. एक यंत्र बसलं की त्यातलेच ग्राहक अडकत. मग सगळी माहिती एका मध्यवर्ती साठ्यात आणि तिची देवघेव करणारी यंत्रं बाहेर, अशी रचना मोबाइल मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या नवव्या रिलीजमध्ये प्रमाणित झाली. विचार चांगलाच होता. एका ग्राहकाची नोंद चार ठिकाणी सांभाळण्याची कटकट संपली. पण गोंधळाला अडवणारी मधली कुंपणंही गेली.

त्याची किंमत ब्रिटनमधल्या ओटू कंपनीने २०१२ मध्ये मोजली. ११ जुलैला दुपारी तिचे लाखो ग्राहक नेटवर्कवर नोंदवलेच जाईनात. सेवा पूर्ववत व्हायला साधारण एक दिवस गेला. ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती डेटाबेसने पुन्हा दगा दिला आणि सुमारे वीस लाख लोकांना फटका बसला. कंपनीने मग ती प्रणाली काढून टाकण्याचा आणि पर्यायासाठी १ कोटी पौंड खर्च करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते यंत्राकडे. बदल करण्याच्या पद्धतीकडे नजर वळायला आणखी नऊ वर्षं आणि जपान लागला.

१४ ऑक्टोबर २०२१ रोजी एनटीटी डोकोमोने टॅक्सीतली पैसे भरण्याची यंत्रं वगैरे उपकरणांची ठावठिकाण्याची नोंद जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली. काम रात्रीचं, नेहमीच्या शिस्तीचं. सकाळी काही उपकरणांना अडचण येते आहे असं दिसलं, म्हणून रोलबॅकचा, म्हणजे बदल मागे घेण्याचा, निर्णय झाला. कुणीही तोच घेतला असता. पण जुन्या सर्व्हरकडे परत आणलेल्या सुमारे दोन लाख उपकरणांनी एकदमच नव्याने नोंदणी सुरू केली. तो लोंढा उपकरणांपुरता राहिला नाही. माणसांचे फोनही त्याच वाटेने नोंदवले जात होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास कंपनीला वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. आठच्या आत ‘सेवा पूर्ववत होत आहे’ असं जाहीर झालं, लोकांनी फोन हातात घेतले आणि कोंडी पुन्हा वाढली. सगळं सुरळीत व्हायला दुसऱ्या दिवशी रात्रीचे दहा वाजले. बाधितांचा अंदाज शेवटी किमान १ कोटी २९ लाखांवर गेला. पहिले आकडे त्याच्या जवळपासही नव्हते.

मला यातला तांत्रिक भाग तितकासा धक्कादायक वाटत नाही. रोलबॅक हासुद्धा एक बदलच आहे, त्यालाही स्वतःची तयारी, वेग आणि टप्पे लागतात, ही गोष्ट कागदावर सर्वांना ठाऊक असते. पण कामाच्या आराखड्यात पुढे जाण्याची पानं भरगच्च आणि मागे येण्याच्या नावाने एखादी ओळ, हे चित्र या धंद्यात कुणाला अनोळखी नसावं.

अवघ्या नऊ महिन्यांनी दुसऱ्या जपानी कंपनीची, केडीडीआयची, पाळी आली. २ जुलै २०२२, पहाटे १ वाजून ३५ मिनिटं. टोकियोजवळच्या तामा इथल्या केंद्रात मुख्य राउटर बदलण्याचं काम चालू होतं आणि हातातली कार्यपुस्तिका जुन्या आवृत्तीची होती. चुकीच्या मार्गरचनेमुळे एका दिशेची वाहतूक तुटली. १५ मिनिटांत रोलबॅक झाला. पण मध्य रेल्वेवर पाव तास लोकल थांबली तर पुढचे कित्येक तास फलाटांवर काय होतं, ते मुंबईकराला सांगायला नको. इथे फलाटावर होते कोट्यवधी फोन, आणि नोंदणी फसली की ते गप्प बसत नाहीत, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. व्होल्टीची, म्हणजे फोरजीवरून कॉल जोडणारी, १८ यंत्रं गुदमरली. त्यांच्यातल्या नोंदी आणि ग्राहक-डेटाबेसमधल्या नोंदी जुळेनात. गर्दी थोडी हटवावी, तर न जुळणाऱ्या नोंदींमुळे नवी गर्दी होई. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की त्या १८ पैकी सहा यंत्रंच डेटाबेसवर नको इतक्या विनंत्यांचा मारा करत आहेत. ती सहा वेगळी काढल्यावर गाठ सुटली.

एकूण ६१ तास २५ मिनिटं. तीन कोटींहून अधिक लोकांना झळ. आपत्कालीन कॉल, पार्सलचा माग, हवामान केंद्रांची आकडेवारी, सगळं विस्कळित. अध्यक्ष माकोतो ताकाहाशी यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर माफी मागितली. पुढे सुमारे ३ कोटी ५९ लाख ग्राहकांना प्रत्येकी २०० येन मिळाले. ही रक्कम जवळपास नाममात्रच.

देखरेखीच्या दृष्टीने या प्रकरणातून जे हाती आलं ते महत्त्वाचं. यंत्र चालू आहे की बंद, हे सांगणारे अलार्म होते. यंत्र चालू असूनही दर मिनिटाला किती नोंदण्या येतात, किती फसतात, त्यांतल्या किती पुन्हा त्याच फोनच्या आहेत, हे ओळखण्याची सोय तोकडी होती. कोंडी सोडवण्याची तयार पद्धतही अपुरी होती. केडीडीआयने नंतर कोंडी ओळखणारी साधनं आणली आणि कामाच्या मंजुरीचे नियम कडक केले.

मात्र जपानी ग्राहकाच्या हाती आलेला बदल निराळाच होता. मार्च २०२३ अखेर केडीडीआयने आपल्याच ग्राहकांना प्रतिस्पर्धी सॉफ्टबँकच्या नेटवर्कचं राखीव सिम विकायला सुरुवात केली, महिना ४२९ येन दराने. डोकोमोनेही काही महिन्यांत अशीच सेवा आणली.