भुरट्यांची बाजू

रोममधल्या एका जुन्या इमारतीत रात्री पाच माणसं भिंत फोडतात. भिंतीपलीकडे सरकारी गहाणखात्याची तिजोरी असायला हवी. आठवड्यांची तयारी झालेली, हत्यारं जमवलेली, तिजोरी कशी फोडायची याची शिकवणी घेतलेली. भोक पडतं, धूळ खाली बसते आणि दिसतं ते त्याच घराचं स्वयंपाकघर. चुकीची भिंत फोडली. पहाट व्हायला अवकाश आहे, दुसरी भिंत फोडण्याची ताकद उरलेली नाही आणि शेगडीपाशी चणे घातलेल्या पास्त्याचं भांडं आहे. मग ते बसतात आणि जेवतात.

हा प्रसंग ज्यातला, तो मारियो मोनिचेल्ली यांचा ‘इ सोलिती इन्योती’ हा चित्रपट 1958चा. इंग्रजी मुलखात तो ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ या नावाने गेला. बावळट चोरांच्या विनोदपटांचा आढावा घेताना मी त्याला मध्यभागी ठेवतो, कारण या प्रकारातला मूळ प्रश्न त्याने सगळ्यांत स्वच्छ मांडला. समोर गुन्हा घडत असताना, चोरी करणं वाईट हे पुरेपूर ठाऊक असताना, थिएटरातली सभ्य माणसं चोरांच्या बाजूने श्वास रोखून का बसतात? माझं उत्तर असं, की या चोरांची फजिती हाच त्यांच्या सभ्यपणाचा पुरावा असतो. ज्याला चोरी जमत नाही तो मुळात चोर नाही, एवढं प्रेक्षक मनातल्या मनात ठरवून टाकतो आणि मगच हसतो. दिग्दर्शकाची खरी कसोटी विनोदात नसून हा निकाल प्रेक्षकाकडून आधी वदवून घेण्यात असते.

मोनिचेल्लींनी तो कसा वदवला ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्या आधी तीनच वर्षं, 1955 साली, ज्यूल्स डासिन यांचा ‘रिफिफी’ येऊन गेला होता. त्यात दरोड्याचा सुमारे अर्धा तास एकही संवाद नाही, संगीत नाही. कसबी माणसं शस्त्रक्रिया करावी तसं काम करतात. मोनिचेल्ली आणि त्यांचे लेखक आजे-स्कार्पेल्ली व सूझो चेक्की दामीको यांनी तोच साचा घेतला आणि त्यातून कसब काढून टाकलं. उरली ती गरज. मार्चेल्लो मास्त्रोयान्नीचा तिबेरिओ फोटोग्राफर आहे, पण त्याच्याकडे कॅमेरा नाही. बायको सिगारेटच्या चोरट्या व्यापारापायी तुरुंगात आणि कडेवर तान्हं मूल. टोळीच्या बैठकीतही ते मूल त्याच्याजवळ असतं. चोरीच्या रात्री मूल कुणाकडे ठेवायचं, ही या दरोड्यातली खरी अडचण. काप्पानेल्ले नावाचा म्हातारा सारखा काहीतरी खात असतो. कधीच पोट न भरलेल्या माणसाचं ते खाणं आहे. तिजोरी फोडण्याचे धडे देणारा दान्ते, म्हणजे तोतो, स्वतः पोलिसांच्या नजरेखाली असल्याने फक्त शिकवतो. गच्चीवरचा त्याचा वर्ग पाहताना एखाद्या तंत्रशाळेची आठवण येते, इतका तो गंभीर आहे. मोनिचेल्ली इथे कुणाला तोंड वेडंवाकडं करू देत नाहीत. सगळे आपलं काम मनापासून करतात आणि म्हणूनच हसू येतं.

वित्तोरिओ गासमान तेव्हा रंगभूमीवरचा शोकांतिकांचा नट म्हणून ओळखला जाई. निर्मात्यांना त्याच्याबद्दल खात्री नव्हती. मोनिचेल्लींनी त्याचा चेहरा रंगभूषेने बदलला, कपाळ बुटकं केलं, बोलण्यात अडखळ आणली आणि पेप्पे हा फुशारकी मारणारा, हरलेला मुष्टियोद्धा उभा राहिला. पेप्पेने मोलकरणीशी सलगी करायची ती फक्त घराच्या किल्ल्यांसाठी, असा बेत असतो. पुढे तिच्याविषयी त्याच्या मनात खरीच माया उपजते आणि बेताचं गणित तिथेच चुकायला लागतं. या चित्रपटात प्रत्येक चूक माणुसकीच्या वाटेने येते, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि एक गोष्ट आजही चकित करते: टोळीतून बाहेर पडलेला कोझिमो पर्स हिसकावून पळताना ट्रामखाली सापडून मरतो. विनोदपटात असं मरण येतं आणि तरी हसण्याचा धागा तुटत नाही. इटालियन विनोदपटाची जी परंपरा पुढे जगभर नावाजली गेली, तिचा आरंभ अनेक जण इथे धरतात. या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकनही मिळालं.

1958चा इटली भरभराटीच्या उंबरठ्यावर होता. कारखाने वाढत होते, स्कूटर आणि दूरचित्रवाणी घरोघर येत होती आणि त्या भरभराटीत आपली जागा कुठे हे ठाऊक नसलेली हजारो माणसं रोमच्या कडेला राहत होती. शेवटी पोलिसांपासून लपताना पेप्पे मजुरांच्या रांगेत शिरतो आणि गर्दीच्या रेट्याने फाटकाच्या आत ढकलला जातो. बाहेर राहिलेला म्हातारा त्याला कळवळून ओरडून सांगतो, की तिथे कामाला लावतील. इटालियन प्रेक्षक त्या जागी हसला, कारण त्या फाटकापुढची रांग त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती.

इंग्लंडमध्ये याच प्रकाराला वेगळी चव आहे. ईलिंग स्टुडिओचा ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (1951) हा एका नेकीच्या कारकुनाचा चित्रपट. ॲलेक गिनेसचा हॉलंड वर्षानुवर्षं बँकेचं सोनं गाडीतून नेण्यावर देखरेख करतो आणि एक दिवस तेच पळवायचं ठरवतो. सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती करायच्या आणि त्या फ्रान्सला पाठवायच्या, असा बेत. बेत सफाईदार आहे, पण त्यातल्या सहा प्रतिकृती इंग्लिश शाळकरी मुलींच्या हाती पडतात आणि सगळं उलटतं. टी. ई. बी. क्लार्क यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. सोनं कसं पळवता येईल, याचा सल्ला त्यांनी खुद्द बँक ऑफ इंग्लंडकडून घेतला होता, ही त्या काळातली गोड कथा. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं. मांसावरचं नियंत्रण 1954पर्यंत टिकलं. रांगेत उभं राहून नियम पाळणाऱ्या माणसाला हॉलंडची स्वप्नं परकी वाटली नाहीत. शेवटी मात्र हातकडी दिसते, कारण गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी ही त्या काळच्या पडद्याची शिस्त होती.

‘द लेडीकिलर्स’ (1955) ती शिस्त फार चतुराईने सांभाळतो. किंग्ज क्रॉसजवळ राहणाऱ्या एका म्हातारीच्या घरी पाच दरोडेखोर वाद्यवृंदाचे कलाकार म्हणून उतरतात. ग्रामोफोनवर बोक्केरीनी लावून ते वरच्या खोलीत दरोड्याचे बेत करतात आणि म्हातारी चहा घेऊन दार ठोठावत राहते. केटी जॉन्सन यांनी रंगवलेली ती भाबडी बाई त्या पाचांना पुरून उरते. तिला कुणी मारू शकत नाही म्हणून ते एकमेकांनाच संपवतात. पोलिसांना ती खरं सांगते, त्यांचा विश्वास बसत नाही आणि पैसे तिच्याकडेच राहतात. हा चित्रपट मला इटालियन नमुन्यापेक्षा थंड वाटतो; इथे प्रेक्षक चोरांच्या बाजूचा नाही, म्हातारीच्या बाजूचा आहे.

प्रेक्षकांचा प्रतिसाद मुलखागणिक कसा पालटतो, हे पाहायचं तर डेन्मार्कच्या ओल्सन टोळीकडे जावं. एरिक बालिंग यांच्या या मालिकेचा पहिला चित्रपट 1968चा आणि चौदावा, शेवटचा, 1998चा. एगॉन ओल्सन तुरुंगातून सुटतो, बेनी आणि केल्ड त्याला घ्यायला येतात, त्याच्या डोक्यात नवा बेत तयार असतो आणि शेवटी तो बहुधा पुन्हा आत जातो. एगॉन अडाणी नाही, हे महत्त्वाचं. ठरावीक एका कंपनीची तिजोरी तो कानाला लावलेल्या स्टेथोस्कोपने उघडतो. 1976च्या चित्रपटात तर ही टोळी कोपनहेगनच्या राजनाट्यगृहात वाद्यवृंदाच्या तालावर भिंती फोडत जाते. ढोल वाजला की घण पडतो. तो प्रसंग डॅनिश लोक आजही मायेने सांगतात. तुरुंगाजवळच्या एका रस्त्याला एगॉनचं नाव दिलं गेलं आहे.

हे चित्रपट पूर्व जर्मनीत कमालीचे लोकप्रिय झाले आणि पश्चिम जर्मनीत त्यांना तशी दाद मिळाली नाही. भाषा एकच, डबिंगची सोय दोन्हीकडे, तरी असं का? मला वाटतं, एगॉनचा बेत नेहमी बिनचूक असतो आणि तो फसतो ते सोबत्यांच्या गलथानपणाने, वरच्या बड्या धेंडांच्या संगनमताने किंवा ऐन वेळी बदललेल्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीने. वरून आलेली योजना खाली येईपर्यंत कशी विस्कटते, याचा अनुभव पूर्व जर्मन माणूस रोज घेत होता. ते मोकळेपणी बोलण्याची मुभा नव्हती, हसण्याची होती.

भारतात हा प्रकार सर्वांत खोल रुजला तो केरळच्या वाटेने. सिद्दीक-लाल या जोडीचा ‘रामजी राव स्पीकिंग’ 1989चा. बेकारी, थकलेलं भाडं, बंद पडलेली नाटक मंडळी आणि चुकून आलेला एक फोन. प्रियदर्शन यांनी तोच गाभा घेऊन 2000 साली ‘हेरा फेरी’ केला आणि तिघांचा संसार मुंबईत मांडला. डिरेक्टरीतल्या गोंधळामुळे पळवलेल्या मुलीच्या खंडणीचा फोन गॅरेजवाल्याच्या घरी येतो. श्याम बापाच्या जागी बँकेत नोकरी मिळेल या आशेने आलेला, राजू भाडं बुडवणारा आणि दोघांना सांभाळणारा गॅरेजवाला घरमालक बाबूराव स्वतःच कर्जात. पटकथेची एक बाजू फारशी बोलली जात नाही. या तिघांनी मुलीला पळवलेलं नाही. पळवणारा कबिरा आहे. हे फक्त मध्ये शिरून खंडणीची रक्कम वाढवतात. गुन्ह्याचं पाप दुसऱ्याच्या माथी आणि लालसेचं यांच्या माथी, ही विभागणी लेखकाने केली नसती तर मुलीच्या आजोबांची तगमग पाहताना एकही प्रेक्षक हसला नसता.

बाबूराव गणपतराव आपटे हा परेश रावल यांचा माणूस मराठी प्रेक्षकाने ज्या तऱ्हेने आपलासा केला, त्याचा मला आनंद आहे. जाड भिंगाचा चष्मा, मळकं धोतर, शिवी देतानाही कळवळा. मूळ मल्याळम पात्र इनोसंट यांनी साकारलं होतं. हिंदीत ते मराठी झालं आणि ‘मराठी म्हातारा’ या ठोकळ्यात न अडकता जिवंत राहिलं. रावल यांना त्यासाठी विनोदी अभिनयाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पण त्या पात्राचं खरं आयुष्य पुढे दूरचित्रवाणीवर घडलं. वारंवार दाखवला जाणारा हा चित्रपट लोकांना पाठ झाला; नंतर मोबाइलवर त्याची चित्रं आणि संवाद फिरू लागले. महिनाअखेरीस पैसे संपले की माणसं एकमेकांना बाबूरावचा चेहरा पाठवतात. प्रदर्शनाच्या वेळी जन्मलीही नव्हती ती मुलं हे करतात. ‘फिर हेरा फेरी’ (2006) गाजला तरी मला तो उणा वाटतो, कारण तिथे सुरुवातीलाच तिघं श्रीमंत आहेत. भाडं थकलेलं नसलं की फसवणुकीला फक्त हाव उरते, आणि हाव असलेल्या माणसाला प्रेक्षक हसतो खरा, पण त्याच्या शेजारी बसत नाही.

मराठीत याचा जवळचा नातलग ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). तिथे चोरी नाही, पण फसवणूक आहे आणि तिचं कारण पुण्यात भाड्याची खोली न मिळणं. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (1966) या चित्रपटाचं ते मराठी रूप. दोन दशकांच्या अंतराने घर न मिळण्याचं दुखणं कमी झालं नव्हतं, म्हणूनच ते लागू पडलं. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ने (1983) सगळा साचाच उलटा केला: गुन्हेगार तिथे कसबी आहेत, बिल्डर, आयुक्त, संपादिका, बावळट आहेत ते दोन प्रामाणिक फोटोग्राफर. शेवटी कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर चालणारे ते दोघे प्रेक्षकाकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. तमिळमध्ये नलन कुमारसामी यांच्या ‘सूदु कव्वुम’ने (2013) अपहरणाचे नियमच आखले, सत्तेतल्या माणसाच्या वाटेला जायचं नाही, हा त्यातला मोठा. तो मोडताच सगळं बिघडतं.

आता एक अवघड गोष्ट. हा सगळा विनोद एका अटीवर उभा आहे: लुटला जाणारा समोर दिसता कामा नये, किंवा तो बँक, गहाणखातं, उद्योगपती असा असावा की ज्याचं पोट उपाशी राहणार नाही. आजचा भुरटा चोर बँकेची भिंत फोडत नाही. तो फोनवर गोड बोलून निवृत्त शिक्षिकेची पुंजी उचलतो. 2020 साली आलेल्या ‘जामतारा’ मालिकेतली पोरंही लहान गावातली, शाळा सुटलेली, भपक्याला भुललेली. मोनिचेल्लींच्या टोळीपेक्षा वयाने लहान आणि हाताला कितीतरी यश असलेली. त्यांच्यावर विनोदपट निघाला नाही, गुन्हेपट निघाला. फोन उचलणारे आपण आहोत आणि त्या पोरांना काम जमतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की थिएटरात हसू येत नाही.

तरी त्या पोरांमध्येही कुणीतरी असेल ज्याला हे जमत नाही. समोरच्या बाईने प्रेमाने चौकशी केली की ज्याची जीभ अडखळते, जो ओटीपी मागायच्या आधी तिच्या गुडघेदुखीवर औषध सांगून मोकळा होतो आणि संध्याकाळी टोळीच्या म्होरक्याच्या शिव्या खातो. त्याची गोष्ट मला पडद्यावर पाहायची आहे, आणि ती मराठीत लिहिली जावी असं वाटतं. पतपेढ्या बुडालेल्या, भिशीत पैसे अडकलेल्या, दुप्पट पैशांच्या योजनांनी पोळलेल्या आपल्या तालुक्यांमधून फसवणाऱ्याला आणि फसणाऱ्याला एकाच आळीत ओळखणारे लेखक आहेत. तो चित्रपट लिहिणाऱ्याला दोघांचीही बाजू सांभाळावी लागेल, आणि हे मोनिचेल्लींनाही करावं लागलं नव्हतं.