संगणकाची नाडीपरीक्षा

ठाणें-बेलापूर रस्त्यानें जातांना ऐरोली व महापे येथें कांहीं भव्य इमारती दृष्टीस पडतात. त्यांत माणसें थोडीं आणि संगणक फार! यांस डेटा सेंटर म्हणतात. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई आंखली गेली, तेव्हां येथील खाडीकांठीं भातशेतें व मिठागरें होतीं. आज त्याच शहरांत हे संगणक अहोरात्र राबत आहेत. त्यांजवर कामाचा भार किती पडतो, हें कसें ओळखावें? वैद्य जशी रोग्याची नाडी पाहतो, तशी संगणकाचीही पाहतां येते. ती कशी, आणि तींत चूक कोठें होते, हें वाचकांस थोडक्यांत सांगतों.

संगणकावरील सर्व कामांची देखरेख करणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली होय. तिच्या ‘प्रॉक’ नांवाच्या डिरेक्टरींत ‘स्टॅट’ नांवाची एक फाईल असते. संगणक सुरू झाल्यापासून प्रोसेसरनें कोणत्या कामीं किती वेळ घालविला, याचे आंकडे तिच्या पहिल्या ओळींत मिळतात. हा वेळ बहुधा सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेला असतो. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत रचलेल्या सी भाषेंत ही फाईल उघडून वाचणें अगदीं सोपें आहे. मात्र घरांतील विजेच्या मीटरप्रमाणें हे आंकडे सारखे वाढत जातात. म्हणून ते दोनदां वाचून वजाबाकी करावी लागते.

आतां खरी मेख पाहा. पूर्वीं या ओळींत चारच आंकडे असत: वापरणाराचें काम, कमी निकडीचें काम, कार्यप्रणालीचें स्वतःचें काम, आणि रिकामा वेळ. डिसेंबर २००३ मध्यें लिनक्सची २.६ ही आवृत्ति निघाली. तींत डिस्कची वाट पाहण्यांत गेलेला वेळ रिकाम्या वेळांतून काढून पांचव्या जागीं निराळा मांडला गेला.

समजा, पांच सेकंदांत, म्हणजे ५०० भागांत, प्रोसेसरनें १५० भाग काम केलें, २०० भाग डिस्कची वाट पाहिली व १५० भाग तो अगदीं रिकामा होता. जुन्या प्रणालींत रिकामा वेळ ३५० दिसे. म्हणून भार शेंकडा ३० निघे. नव्या प्रणालीवर तीच जुनी आज्ञावली पहिले चारच आंकडे वाचील. तिला एकूण वेळ ३०० भासेल व भार शेंकडा ५० निघेल! यंत्र तेंच, काम तेंच. परंतु ताप एका रात्रींत वाढला. मालक घाबरून नवा प्रोसेसर विकत आणील, आणि मंद डिस्क तशीच राहील. निदान चुकलें कीं औषधही चुकतें.

यावर उपाय काय? ओळींतील आंकडे किती आहेत, हें आज्ञावलीनें आधीं मोजावें. चारच आहेत असें गृहीत धरूं नये. आज ते दहा असतात. त्यांपैकीं पहिल्या आठांचीच बेरीज करावी. कारण शेवटचे दोन आधींच्या आंकड्यांत समाविष्ट असतात. ‘मेमइन्फो’ या फाईलींत प्रत्येक आंकड्यास नांव असतें. तेथें ओळीचा क्रम न पाहतां नांवानेंच शोध घ्यावा. कारण तींतही भर पडत असते. २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तींत उपलब्ध स्मृतीची एक नवी ओळ तींत आली. आणि कार्यप्रणाली बदलण्यापूर्वीं व बदलल्यानंतर तेंच काम देऊन दोन्हीं वेळचीं उत्तरें ताडून पाहावीं.

विद्यार्थिमित्रहो, आंकडा स्वतः खोटें बोलत नाहीं; त्याचा अर्थ लावतांना आपण चुकतों. गणिताचा ताळा बरोबर असूनही उत्तर चुकूं शकतें, जर काय मोजलें तेंच बदललें असेल. म्हणून प्रगतिपुस्तकांतील गुण असोत वा यंत्राचे आंकडे, मागील वर्षाशीं तुलना करण्यापूर्वीं मोजण्याची रीत तीच आहे ना, एवढें अवश्य विचारावें.