धर्मग्रामातील युवा नाट्यमंडळ : सुरू कसे करावे, टिकवावे कसे?

नाताळ पंधरा दिवसांवर आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांच्या सभागृहांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात. कोणी गोठा उभारतो, कोणी मेंढपाळांच्या काठ्या रंगवतो, कोणी आईची जुनी साडी आणून तिची मरियामातेसाठी निळी ओढणी शिवून घेतो. नाटिका होते, टाळ्या पडतात, प्रमुख धर्मगुरू सर्वांचे आभार मानतात आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप लागते. नाटकासाठी म्हणून ते पुढच्या डिसेंबरपर्यंत उघडत नाही.

हे आम्ही टीकेच्या सुरात लिहीत नाही. अनेक वर्षे आम्हीही हेच केले. एका धर्मग्रामात सेवा करीत असताना आमच्या नाताळच्या नाटिकेत तेवीस मुले-मुली होती. धर्मशाळेच्या मालकाचे काम करणाऱ्या मुलाने त्या रात्री प्रेक्षकांना पोट धरून हसवले होते. पुढे उन्हाळ्यात तो बारावीला नापास झाला, घराबाहेर पडेनासा झाला, आणि ही गोष्ट आम्हाला कळली ती तीन महिन्यांनी, त्याच्या आईकडून. तालमींच्या दिवसांत तो रोज आमच्यासमोर होता. नाटिका संपली आणि तो आमच्या नजरेआड झाला. तेव्हापासून ‘नाटिका बसवणे’ आणि ‘नाट्यमंडळ चालवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी आमची खात्री झाली आहे. पहिलीला प्रयोगाची तारीख लागते, तर दुसरीला आठवड्यातील एक ठरलेला दिवस लागतो.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात याची दोन उदाहरणे आम्हाला विशेष मोलाची वाटतात. पहिले संत जॉन बॉस्को यांचे. तुरीन शहरातील वाल्डोको येथे त्यांच्याभोवती जमणाऱ्या मुलांत गवंडीकाम, शिवणकाम, चांभारकाम शिकणारी गरीब मुले पुष्कळ होती. त्यांच्यासाठी संत बॉस्को यांनी छोटे नाट्यगृह चालवले आणि १८५८ मध्ये त्याचे नियमही लिहून काढले. हे नियम वाचताना, एखाद्या अनुभवी नाट्यव्यवस्थापकाने ते लिहिले असावेत असे वाटते. नाटक मनोरंजक असावे, बोधप्रद असावे आणि आटोपशीर असावे. ते लांबले की तालमींचा त्रास वाढतो आणि प्रेक्षकही कंटाळतात. पोशाखांचा बडेजाव नको. सद्वर्तनी मुलांना भूमिका देताना प्राधान्य द्यावे, पण अधूनमधून त्यांच्या जागी इतरांनाही संधी द्यावी. या शेवटच्या नियमाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्याकडे आवाज चांगला म्हणून एकच मुलगा सलग पाच वर्षे हेरोद राजा होतो आणि मागे उभी असलेली मुले पाचही वर्षे मेंढरेच राहतात.

दुसरे उदाहरण पोलंडमधील. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने देश व्यापलेला असताना, १९४१ मध्ये मिएचिस्लाव्ह कोतलार्चिक यांनी क्राको शहरात ‘ऱ्हॅप्सोडिक थिएटर’ गुप्तपणे सुरू केले. त्यात एकविशीतील कॅरोल वॉयतिला होते. तेच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यांचे वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते आणि ते स्वतः दगडाच्या खाणीत मजुरी करीत होते. त्यांनी आपल्या राहत्या घरी कोतलार्चिक दांपत्याला आसरा दिला. तालमी बुधवारी आणि शनिवारी होत. रंगमंच नव्हता, नेपथ्य नव्हते, आणि पकडले गेल्यास छळछावणीची भीती होती. उरला होता फक्त शब्द. युद्ध संपेपर्यंत या मंडळाने सात नाट्यकृतींचे बावीस प्रयोग केले. तालमी मात्र शंभराहून अधिक झाल्या. त्या तरुणांना जगवले ते बहुधा तालमींनीच, असे हे आकडे पाहून आम्हाला वाटते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे येऊ. मंडळ सुरू करण्याचा उत्तम काळ म्हणजे जून महिना. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, नव्या कॉलेजात मन रुळलेले नसते आणि पावसामुळे मैदाने बंद असतात. आठवड्यातील एक दिवस आणि दीड तास ठरवावा आणि तो कोणत्याही कारणाने हलवू नये. पाच जण आले तरी पाच जणांना घेऊन बसावे. पहिले दोन महिने नाटकाचे नावही काढू नये. उभ्याने वाचन, आवाजाचे व्यायाम, एखाद्या वस्तूवरून उत्स्फूर्त प्रसंग रचणे, एकमेकांचे ऐकणे, एवढेच करावे. आपल्या मुलांना संवाद पाठ करता येतात; समोरच्याचा संवाद ऐकता येत नाही. खरे शिक्षण तिथून सुरू होते.

मंडळ चालवणारी व्यक्ती नाटकातील तज्ज्ञच असली पाहिजे, असे नाही. ती दर आठवड्याला येणारी असली पाहिजे. तज्ज्ञाला वर्षातून दोन-तीन वेळा शिबिरासाठी बोलवता येते. मात्र सगळा भार एकाच्या खांद्यावर ठेवला की काय होते, हे आपण पाहतोच: उत्साही धर्मभगिनींची बदली होते, धर्मगुरू दुसऱ्या धर्मग्रामात जातात आणि त्यांच्याबरोबर मंडळही जाते. म्हणून आरंभापासून दोन प्रौढ व्यक्ती हव्यात, आणि त्यांपैकी एक तरी त्याच धर्मग्रामात राहणारी प्रापंचिक व्यक्ती हवी.

दोन प्रौढ हवेत याला आणखी गंभीर कारण आहे. अल्पवयीन मुलामुलींची जबाबदारी आपण घेत असतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये झाला आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही या बाबतीत संपूर्ण ख्रिस्तसभेला बंधनकारक नियम घालून दिले. पालकांची लेखी संमती, तालीम चालू असताना उघडे दार, मुली व मुलगे यांच्यासाठी कपडे बदलण्याच्या वेगळ्या जागा आणि तालीम संपण्याची पक्की वेळ या गोष्टींत तडजोड नको. रात्री साडेदहापर्यंत तालीम लांबली की सर्वप्रथम मुली गळतात. मग मरियेची भूमिका कोण करणार, असा प्रश्न पडतो आणि दोष मात्र मुलींच्या आईबापांना दिला जातो.

संहितेचा प्रश्न सर्वांनाच छळतो. छापील एकांकिका घ्यायची तर लेखकाची परवानगी घ्यावी आणि मानधन द्यावे. ‘देवाचे काम आहे’ म्हणून ते बुडवणे योग्य नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता प्रमाणित करून घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे आणि ती वेळेआधीच पाठवावी.

तथापि आमचे मत विचाराल तर मुलांनी स्वतः लिहिलेली संहिता सर्वांत चांगली. मराठी बालरंगभूमीसाठी आयुष्य वेचणारे नाटककार रत्नाकर मतकरी (निधन २०२०) यांनी २०१४ पासून ठाण्यातील वस्त्यांमधील मुलामुलींसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. मुलांनी आपल्याच जगण्यातले प्रश्न आपल्या भाषेत रंगमंचावर मांडावेत, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या वसईच्या मुलांकडे तर भाषांची श्रीमंती आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा मुलगा व्यासपीठावर चढला की पुस्तकी मराठी बोलू लागतो आणि त्याचा आवाजच हरवतो. त्याला आजीच्या भाषेत बोलू द्या. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. जमिनीचा हिस्सा विकून निघून गेलेल्या धाकट्या मुलाचा प्रसंग आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. थोरल्या भावाचे काय चुकले, यावर आम्ही एकदा दोन आठवडे वाद ऐकला आणि त्या रविवारच्या प्रवचनाची तयारी आम्हाला वेगळी करावी लागली नाही.

पैशांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आरंभी जागा, चहा आणि झेरॉक्स एवढाच खर्च असतो. पोशाख व सामान एका पेटीत, यादीसह ठेवावे. दर वर्षी नवे पंख विकत घेणारे देवदूत आम्ही पाहिले आहेत. ध्वनी व प्रकाशव्यवस्था भाड्याने आणण्यापेक्षा धर्मग्रामातील इलेक्ट्रिशियनला दोन मुले शिकायला द्यावीत. रंगमंचावर यायला लाजणारी मुले अशा कामात खुलतात आणि मंडळात सर्वांत जास्त काळ टिकतात, असा आमचा अनुभव आहे.

मंडळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डळमळते. मोठी मुले नोकरीला लागतात, लोकलचा प्रवास करून साडेआठला घरी पोहोचतात. त्यांना ‘येत नाहीस’ म्हणून बोल लावू नये. महिन्यातून एकदा येऊन लहानांचे पाठांतर घेण्याचे काम त्यांना द्यावे. परीक्षांच्या महिन्यांत तालीम बंद ठेवण्याऐवजी अर्ध्या तासाची भेट ठेवावी. तीत नाटकाविषयी बोलले नाही तरी चालते. वर्षाला मोठा प्रयोग एकच असावा. उपवासकाळात दुःखसहनाचे वाचन आणि सणाच्या वेळी एखादा छोटा प्रवेश एवढे पुरेसे आहे. स्पर्धेला जाण्यास आमची हरकत नाही, परंतु पहिल्या दोन वर्षांत तिकडे फिरकू नये. करंडकाच्या मागे लागल्यावर अडखळत बोलणारे मूल सर्वांत आधी बाहेर काढले जाते.

धर्मशाळेच्या त्या मालकाविषयी सांगायचे राहिले. त्याच्या घरी आम्ही गेलो तेव्हा तो बोलला नाही. पुढच्या जूनमध्ये शुक्रवारची बैठक सुरू झाली तेव्हा आम्ही त्याला भूमिका देऊ केली. तीही त्याने नाकारली. मग सभागृह उघडायला माणूस नाही, असे सांगून त्याच्याकडे किल्ली दिली. पुढील तीन वर्षे, आमची बदली होईपर्यंत, दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला सभागृहाचे दार उघडे असे.