फाईल-व्यवस्थेची हानी आणि तज्ज्ञांमधील मतभेद

सांगली व सातारा या जिल्ह्यांत पूर आणि अकस्मात खंडित होणारी वीज या दोन्ही आपत्ती परिचयाच्या आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांच्या वर गेले होते. पूर्वी अशा प्रसंगी दप्तर भिजत असे. आता सातबाऱ्याचे उतारे, परीक्षांचे निकाल आणि संशोधनाची आधारसामग्री संगणकाच्या डिस्कवर असते, आणि तिची हानी होण्यास पाण्याचा स्पर्शही आवश्यक नसतो; लेखन चालू असता वीज गेली तरी पुरते. ही हानी नेमकी कशी होते व ती कोणी टाळावयाची, याविषयी जाणकारांतच तीव्र वाद झालेले आहेत. त्या वादांचे स्वरूप समजून घेणे हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकेच संशोधनसामग्री सांभाळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकालाही उपयुक्त आहे.

फाईलमध्ये एक ओळ वाढविणे ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकच क्रिया होय. डिस्कवर मात्र बहुधा तीन ठिकाणी बदल करावे लागतात: मजकुराचा खंड, त्या फाईलचे आकारमान व स्थान सांगणारी नोंद, आणि मोकळ्या खंडांचा हिशेब. हे तीनही बदल एका क्षणी होऊ शकत नाहीत. मध्येच वीज गेल्यास नोंदी परस्परविरोधी होतात. यावरील उपाय सांगलीच्या हळदपेठेतील अडत्यास नवा वाटणार नाही. व्यवहार प्रथम कीर्दीत टिपावयाचा व मग खतावणीत चढवावयाचा, हीच पद्धत आधुनिक फाईल-व्यवस्थांनी स्वीकारली आहे. खंड पडल्यास कीर्द वाचून पूर्ण नोंदी खतावणीत चढविल्या जातात व अपुऱ्या नोंदी सोडून दिल्या जातात. तथापि येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. बहुतेक व्यवस्था कीर्दीत केवळ रचनेविषयीचे बदल टिपतात, प्रत्यक्ष मजकूर टिपत नाहीत. म्हणून ‘कीर्द आहे, अतएव फाईल सुरक्षित आहे’ हे विधान अर्धसत्य ठरते.

या अर्धसत्यातूनच २००९ मधील प्रसिद्ध वाद उद्भवला. लिनक्समधील ‘एक्स्ट-३’ ही व्यवस्था प्रचलित मांडणीत फाईलचा मजकूर आधी डिस्कवर पोहोचवीत असे व नंतर तिच्यासंबंधीची नोंद पक्की करीत असे. हे काम साधारणपणे दर ५ सेकंदांनी होई. डिसेंबर २००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ‘एक्स्ट-४’ने वेग वाढविण्यासाठी मजकुरास जागा नेमून देणे काही काळ लांबणीवर टाकले. अनेक कार्यक्रम जुनी फाईल बदलताना नवी फाईल लिहून तिला जुन्या फाईलचे नाव देत असत. नव्या व्यवस्थेत नावाचा बदल कीर्दीत चढे, पण मजकूर स्मृतीतच राही. अशा वेळी यंत्र बंद पडले की जुनी फाईल नाहीशी झालेली आणि नवी शून्य आकाराची, असा प्रकार घडू लागला.

एक्स्ट-४चे प्रमुख रचनाकार थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की, पॉझिक्स या मानकाने अशी कोणतीच हमी दिलेली नाही. मजकूर टिकावा असे वाटत असेल तर कार्यक्रमाने ‘एफसिंक’ ही आज्ञा दिली पाहिजे. कार्यक्रमकर्त्यांचा प्रतिवाद असा की, एक्स्ट-३वर ही आज्ञा फार संथ चाले, आणि वर्षानुवर्षे निर्वेध चाललेली रीत एकाएकी सदोष ठरविणे न्याय्य नव्हे. अखेरीस २००९ च्याच लिनक्स २.६.३० या आवृत्तीत अशा नामांतराच्या प्रसंगी मजकूर लगेच डिस्ककडे धाडण्याची तरतूद झाली. मात्र एफसिंकचा आग्रहही कायम राहिला.

या वादात तीन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळले होते. मानक कशाची हमी देते? प्रत्यक्ष रचना काय करते? आणि वापरणारे कशावर विसंबून असतात? एका पक्षाने पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले व दुसऱ्याने तिसऱ्याचे. दोघेही बरोबर असूनही एकमत होईना, याचे कारण हेच होय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगावाचून मिळत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये ११ प्रचलित प्रणाली तपासल्या, तेव्हा यंत्र बंद पडल्यास हानी होऊ शकेल अशी ६० स्थळे त्यांना आढळली.

एफसिंकवरील विश्वासही कसोटीस उतरावयाचा होता. ही आज्ञा अयशस्वी झाल्यास ती पुन्हा द्यावी, अशी पोस्टग्रेस या माहितीसंग्रह-प्रणालीच्या रचनाकारांची दीर्घकाळची समजूत होती. २०१८ मध्ये असे उघड झाले की, पहिल्या अपयशानंतर लिनक्स तो मजकूर लिहिला गेला असेच समजून चालत असे. परिणामी दुसरी आज्ञा यशस्वी झाल्याचे कळे, परंतु मजकूर डिस्कवर नसे. २०१९ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत, असे अपयश येताच काम थांबवून स्वतःच्या कीर्दीवरून सावरावे, असा बदल करण्यात आला.

तज्ज्ञांच्या अशा मतभेदाचे एक उदाहरण सातारा जिल्ह्यातही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपास धरणाचा जलाशय कारणीभूत झाला काय, यावर भूशास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला. धक्क्यांच्या व जलपातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावरच जलाशयप्रेरित भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेस मान्यता मिळाली. अधिकारवाणीने न सुटणारा प्रश्न नोंदींनी सुटला.

या विवेचनाचे व्यावहारिक फलित महत्त्वाचे आहे. डिस्क बिघडताच ‘दुरुस्तीचा कार्यक्रम ताबडतोब चालवा’ असा सल्ला आत्मविश्वासाने दिला जातो. वस्तुतः या कार्यक्रमाचा हेतू रचना सुसंगत करणे हा असतो, मजकूर परत मिळविणे हा नव्हे. सुसंगती साधण्यासाठी तो विसंगत नोंदी काढूनही टाकतो. वापरात असलेल्या फाईल-व्यवस्थेवर तो चालविल्यास, त्याचे व चालू प्रणालीचे लेखन एकाच वेळी होऊन नवीनच हानी घडते. म्हणून प्रथम लेखन थांबवावे, व्यवस्था वापरातून काढावी, संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. जो सल्ला चुकला तरी मूळ स्थितीस परतता येते, तो आधी अनुसरावा. परतीची वाट बंद करणारा सल्ला, तो देणारा कितीही विद्वान असला तरी, शेवटी ठेवावा.

याच न्यायाने राखीव प्रतीचाही विचार व्हावा. सांगलीत नदीकाठच्या दोन इमारतींत ठेवलेल्या दोन प्रती संख्येने दोन असल्या, तरी पुराच्या दृष्टीने एकच होत. त्यांतील एक साताऱ्यास ठेवली, आणि ती उघडते की नाही हे वेळोवेळी पाहिले, तरच तिला राखीव म्हणता येईल. पडताळून न पाहिलेली प्रत ही केवळ एक समजूत असते; आणि समजुतींचे काय होते, हे २००९ व २०१८ च्या वादांनी पुरेसे दाखविले आहे.